मागावर जमलेलं स्थळ

हिराक्का उंबरा ओलांडून आत आल्या आणि बसायच्या आधीच वाकून आबांच्या पाया पडल्या. घोटाळ्याला सुरुवात झाली ती तिथूनच. मुलाकडची माणसं मुलीच्या बापाच्या पाया पडत नसतात. आमच्यात तर बघायच्या दिवशी मुलीच्या बापानं कमरेत किती वाकावं याला मर्यादा नाही, मग पुढं काही का ठरेना. आबा दचकून मागं सरले ते खुर्चीवरच आपटले.

"दत्तोबा, तुमच्यासारखा देवमाणूस मी बघितला न्हाई," हिराक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आबा हसले. "हां, हां, बसा की," म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होते. आई माझ्या मागून हळूच म्हणाली, माणसं फार नम्र दिसतात गं. मिरजेहून मुद्दाम आलेले वसंतमामा, जे कचेरीत कारकून होते आणि आमच्या घरातल्या प्रत्येक बैठकीत अध्यक्ष असायचे, त्यांनीही मान डोलावली. मुलगा सोबत होताच. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून चप्प बसवलेले केस, आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभं केल्यासारखा चेहरा. यशवंत हावळ. आबांचा येसू.

स्थळ आबांनीच आणलेलं होतं. खरं सांगायचं तर मागावर जमवलेलं होतं. इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतली माणसं यंत्रमागावर कापड विणायला जायची. शेडमध्ये शिरलं की कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी शब्द पोचत नाही, म्हणून मागवाले हातांनी बोलतात. मूठ गोल फिरवली की माग दुरुस्त करायला जॉबर पाहिजे, अंगठा ओठाला लावला की चहा, आणि अशा शंभर खुणा. कुणाची बायको माहेरी गेली इथपासून कोण निवडून येणार इथपर्यंत सगळं हातांवर चालतं. पाळी सुटल्यावर टपरीवरसुद्धा ती माणसं बोटंच नाचवत बसतात, सवयच होऊन जाते. आबांचे माग आणि यशवंताचे माग शेजारी शेजारी होते, आणि कित्येक वर्षं मी रोज संध्याकाळी जेवताना ऐकत आले होते की आज येसू असं म्हणाला, आज येसू तसं म्हणाला. "लै बोलका पोरगा हाय," आबा म्हणायचे, "हसवून हसवून मारतो."

मग एक दिवस आबांनी त्याला मागांच्या मधल्या गल्लीत उभं करून विचारलं, लग्न करायचं का, माझी पोरगी आहे. तो हो म्हणाला. जॉबरकडून हिराक्कांना निरोप गेला, जॉबरकडूनच उलटा निरोप आला, आणि आज बघायचा कार्यक्रम होता. मी बाविशीत होते. दोन स्थळं उंचीवरून आणि एक रंगावरून परत गेलेलं. त्यामुळं आबांचा येसू मला न बघताच थोडासा आवडायला लागला होता, हे कबूल करते.

मी ताटल्या ठेवल्या. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं ते बघतच राहिला. बघायला आलेली मुलं बघत नाहीत असं नाही, पण चोरून बघतात, जमिनीकडं बघता बघता बघतात. हा सरळ बघत होता, जणू मी काहीतरी महत्त्वाचं सांगणार होते. मला घाम फुटला. अजून घालू का पोहे, असं मी पुटपुटले, तर त्यानं लगेच मान हलवली आणि ताटली पुढं केली. मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले.

"मग यशवंतराव, शिक्षण किती झालं?" मामांनी त्याच्या डाव्या बाजूनं विचारलं.

तो पोहे खात राहिला. मामांनी घसा खाकरला आणि तेच परत विचारलं, जरा वरच्या पट्टीत. मामांचा आवाज असा, की ते मिरजेत खोकले तर सांगलीत कळावं. मुलगा शेंगदाणा बाजूला काढत होता. मामांच्या कपाळावर आठी चढली, आणि तेवढ्यात हिराक्का अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्याच्या समोर येऊन बोला, दादा. त्याला ऐकू येत न्हाई न्हवं."

आईनं माझा दंड धरला.

हिराक्कांनी सगळ्यांचे चेहरे बघितले आणि त्याच गोंधळल्या. "दत्तोबांनी सांगितलं न्हाई व्हय तुम्हाला?"

सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबा यशवंताला खुणेनं अजून एक लाडू घे म्हणून आग्रह करत होते. त्यांना काही पत्ताच नव्हता. शेवटी मामा उठले, त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "दाजी, पोरगा बहिरा आहे."

"कोण?"

"हा. तुमचा येसू."

आबा हसायला लागले. "कायतरीच काय. रोज बोलतो की माझ्याशी."

कुणी हसलं नाही तेव्हा त्यांचं हसू अर्ध्यात राहिलं. त्यांनी लाडूची ताटली खाली ठेवली आणि यशवंताकडं वळून हातांनी काहीतरी विचारलं. यशवंतानं हातांनी उत्तर दिलं. आबांनी परत विचारलं. आम्ही सगळे बिनआवाजाचा तमाशा बघावा तसे बघत बसलो. आबांचा चेहरा आधी अविश्वासाचा, मग रागाचा, मग नुसता बावचळलेला झाला.

"म्हणतोय, लहानपणी ताप आलता, तवापासनं न्हाई," आबा सगळ्यांना म्हणाले. "म्हणतोय, त्याला वाटलं मला म्हाईत हाय."

"आणि तुम्हाला माहीत नव्हतं?" मामांनी विचारलं. आवाजात कचेरी होती.

"कसं असणार? तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत न्हाई."

मला आता ते आठवून हसू येतं, तेव्हा आलं नाही. सगळ्यांत वाईट चेहरा हिराक्कांचा झाला. इतकी वर्षं शेजारी उभा राहणारा माणूस सगळं जाणून मुलगी देतोय, असं त्या समजल्या होत्या. म्हणून देवमाणूस, म्हणून पाया पडणं. आणि देवमाणसाला बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं. त्या उठल्या, पदर सारखा केला. आम्ही फसवलं नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, आम्ही कधी लपवलं नाही, एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता निघाल्या. यशवंताला काय चाललंय ते कळलं असावं. तो दारातून एकदा मागं वळला आणि परत माझ्याकडं तसाच सरळ बघून गेला.

मग घरात जे व्हायचं ते झालं. आई रडली. मामा येरझाऱ्या घालत म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे. फसवलं कुणी, हे मात्र त्यांना नीट सांगता येईना. हिराक्कांनी फसवलं म्हणावं तर त्यांना वाटलं आबांना माहीत आहे. यशवंतानं फसवलं म्हणावं तर तोही तसाच. जॉबरला बोलावून आणलं, तर तो आबांच्याच तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, दत्तोबा, तुला म्हाईत न्हवतं? त्यात सांगायचं काय, म्हणून कोण बोललं न्हाई. शेवटी उरले आबा. म्हणजे आबांनी स्वतःलाच तोंडघशी पाडलं होतं.

"काल चांगला होता," आबा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "आज दुपारी चांगला होता. पोहे खाईस्तोवर चांगला होता. मग वाईट कधी झाला?"

"दाजी, शेडमध्ये चालतं ते. बाहेर जग आहे. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

"बरं, पण तुला काय वाटतं?" आईनं मला विचारलं.

मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की त्यांना माझं बोलणं कळलं होतं. मी पोह्यांचं विचारलं तेव्हा लगेच कळलं.

मामा थांबले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आज म्हणायला हरकत नाही. "अगं शालन, ती माणसं ओठ वाचतात," ते म्हणाले. "म्हणून टक लावून बघत होता. तुझ्याकडं बघत नव्हता तो, तुझ्या ओठांकडं बघत होता."

त्या एका वाक्यानं मी हिरमुसले. बहिरा आहे हे कळल्यावर हिरमुसले नव्हते, यानं हिरमुसले. कुणीतरी पहिल्यांदा माझ्याकडं असं बघितलं होतं, आणि ते बघणं म्हणजे नुसतं ऐकणंच होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी फिरली. सकाळी नळावर तो बहिरा होता. दुपारी दळणाच्या गिरणीपाशी पोचेपर्यंत मुका झाला. संध्याकाळी शेजारच्या नानी घरी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, झटके येतात का गं त्याला? कालपर्यंत या बायकांच्याच नवऱ्यांच्या तोंडी येसू असा, येसू तसा होतं. आता त्याचं नाव कुणी घेईना. "ते मुकं" म्हणायला लागले, तोही नाही, ते. जाताना नानी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, अजून काही पदरी पडलेलं नाही ना, मग नको म्हणून मोकळं व्हावं. एकदा पदरी पडलं की पवित्र झालं म्हणावं लागतं.

आबा कामावरून आले ते गप्प. येसूशी अबोला धरलाय म्हणाले. अबोला कसा धरला, तर दोन्ही हात खिशात घालून. पण माग चालवताना हात खिशात किती वेळ राहणार, म्हणून दिवसभर नुसती पाठ करून उभे राहिले होते. हे सांगताना त्यांना हसू आवरेना आणि आईला राग आवरेना. शेवटी ते मला म्हणाले, तू म्हणशील तसं. शुक्रवारी मामा येतील, त्यांच्या तोंडून हिराक्कांना काय कळवायचं ते तू सांग. मी शब्द दिलाय, पण शब्द माझा आहे, संसार तुझा.

माझ्यावर सोडलं म्हणजे मोठेपणा दिला असं वाटतं, पण मला वाटलं मला विहिरीच्या काठावर उभं करून सगळे बाजूला झालेत. हो म्हणावं तर आयुष्यभर गल्ली कीव करणार. नाही म्हणावं तर का नाही, हे माझं मला सांगता येईना. एका माणसाच्या अंगात काल जे होतं तेच आज होतं. बदललं होतं फक्त आम्हाला काय माहीत आहे ते. त्याच्यावर चिडावं तर त्यानं काही केलं नव्हतं. आणि मधेच ते बघणं आठवायचं, आणि मामांचं वाक्य आठवायचं.

शुक्रवारी सकाळी मी आईला म्हणाले, आबांचा डबा मी घेऊन जाते. एरवी डबा शेजारचे काका नेत. मी कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, आबांना ते आवडत नसे. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि डब्यात एक भाकरी जास्तीची घातली.

शेडचं दार ढकललं आणि मला वाटलं माझ्या डोक्यातलं सगळं कुणीतरी काढून घेतलं. आवाज म्हणावा असा तो आवाज नव्हताच. जमीन हलत होती, दात हलत होते, हवेत कापसाचा भुगा तरंगत होता. मी आबांना हाक मारली, आणि माझी हाक मलाच ऐकू आली नाही. कुणीतरी लांबून मला हातानं काहीतरी विचारलं. मी नुसती उभी. त्यानं परत विचारलं, जरा सावकाश, लहान पोराला विचारावं तसं. मी डबा वर करून दाखवला. त्यानं शेजाऱ्याला खूण केली, शेजारी हसला, मग तिसरा हसला. माझ्याबद्दल बोलत होते, एवढंच कळलं. माझ्या तोंडासमोर, माझ्याच बद्दल, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. एका म्हाताऱ्या कामगारानं माझं कोपर धरून मला बाजूला नेऊन उभं केलं, आंधळ्याला रस्ता पार करून द्यावा तसं. त्यानं प्रेमानंच केलं. मला मात्र रडू येईल असं वाटलं.

आणि मग तो दिसला. मी आधी ओळखलंच नाही. बनियन, केसांत कापूस, खांद्यावर फडकं. चार माग एकटा सांभाळत होता. एका हातानं सुताची कांडी बदलत होता आणि दुसऱ्या हातानं शेडच्या त्या टोकाला उभ्या माणसाला काहीतरी सांगत होता, आणि तिकडचा माणूस पोट धरून हसत होता. मग इकडं वळून आणखी कुणाची फिरकी घेतली. आमच्या घरी लाडू हातात घेऊन जो अवघडून बसला होता तो हाच, यावर विश्वास बसेना. आबा खरंच सांगत होते. लै बोलका होता.

त्यानं मला बघितलं आणि हात थांबले. एक माग बंद केला, आला, आणि समोर उभा राहिला. आबा पाठमोरे, तुटलेला धागा जोडण्यात गुंतलेले. बाकीचे आपापल्या मागाकडं वळले, किंवा वळल्यासारखं केलं. मी काय विचारायचं ते घरून ठरवून आले होते. संसाराचं, भविष्याचं, असलं काहीतरी शहाण्यासारखं. पण तो परत तसाच बघायला लागला, आणि माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"तुम्ही त्या दिवशी माझ्याकडं बघत होता, का माझ्या ओठांकडं?"

एवढा निर्लज्ज प्रश्न मी भर कारखान्यात, चाळीस माणसांत, मोठ्यानं विचारला. कुणालाही ऐकू आला नाही. मलाही नाही. त्या एकट्याला तेवढा कळला.

त्याचे कान लाल झाले. मग तो हातांनी बोलायला लागला. एवढंसं उत्तर असेल असं मला वाटलं होतं, पण ते बरंच लांबलं. मी त्याच्या बोटांकडं बघत राहिले आणि मला काहीही कळलं नाही. त्यानं परत सावकाश सांगितलं. नाही कळलं. मी मान हलवून नाही म्हणाले. त्यानं कपाळावर हात मारला, फडकं हवेत फिरवलं, आणि आबांनी वळून बघितलं. त्यांनी मला बघितलं, डबा बघितला, आणि अबोला विसरून धावत आले.

यशवंतानं तिसऱ्यांदा तेच सगळं हातांनी सांगितलं, यावेळी आबांना. आबा बघता बघता असे लाजले की मला वाटलं लग्न त्यांचंच ठरतंय. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बापानं मुलीला सांगायची ती गोष्ट नसावी. शेवटी त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून ते मला सांगितलं.

मला माग ऐकू आले.

काय, असं मी विचारलं. त्यांनी परत सांगितलं. माग. अजून एकदा काय म्हणून विचारलं, त्यांनी परत सांगितलं, कानाला त्यांचा श्वास लागला, शब्द एकही नाही. चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटली. दोन माणसं माझ्या चेहऱ्याकडं आशेनं बघत होती, मग मी हसले आणि मान हलवली. हां, हां.

मान हलवताना मला एकदम कळलं की ही मान माझी नाही. ही आबांची मान होती. लग्नात, डॉक्टरकडं, मामा जेवताना राजकारण सांगत असतील तेव्हा, आई चुलीपाशी पाठ करून काही बोलत असेल तेव्हा, आबा अशीच मान हलवायचे, असंच हसायचे. आम्ही म्हणायचो, आबा शांत आहेत. आम्ही म्हणायचो, आबा कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. गेली कित्येक वर्षं या माणसाला आमचं निम्मं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि चौथ्यांदा विचारायची त्याला लाज वाटत होती.

तोवर माझ्या मान हलवण्याचा अर्थ शेडभर पोचला होता. आबांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना सांगितलं. लांबवर हात वर झाले, कुणी शेजारच्याची पाठ थोपटली, जॉबर पाना उंच धरून नाचला. यशवंत नुसता उभा होता, बावळटासारखा हसत. थांबा, मी अजून हो म्हटलेलं नाही, असं तिथं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. आणि खरं सांगू, येत असतं तरी सांगितलं असतं का, हे मला आजही नक्की ठाऊक नाही.

तो काय म्हणाला होता, ते मी लग्नानंतर खूपदा विचारलं. आता त्याची भाषा मला येते, भांडण्याइतकी येते. तो दरवेळी वेगळंच सांगतो आणि दरवेळी शपथ घेतो. आबांना विचारलं तर ते म्हणायचे, तुला सांगितलं होतं की मी.

घरी आले तर मामा येऊन बसले होते. पायात चपला तशाच, चहा पिऊन लगेच हिराक्कांकडं निघायचं होतं. काय सांगायचं ते त्यांनी मनात पाठही केलं होतं. पत्रिका जुळत नाही म्हणायचं, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

"मी हो म्हणून आले," मी म्हणाले.

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. मामांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग परत समजावलं. कीव करून संसार होत नाही. उद्या मुलं झाली, रात्री रडली, तर त्याला कळणार आहे का. चारचौघांत गेलीस तर लोक तुझ्याशी बोलतील आणि तो खुळ्यासारखा उभा राहील. यांतलं काही खोटं होतं असंही नाही.

"शालन, एवढंच सांग," मामा म्हणाले. "जन्मभर त्याच्याशी बोलणार कशी तू?"

"आईला विचारा," मी म्हणाले. "ती आबांशी कशी बोलते?"

मामांना कळलं नाही. आईला कळलं. ती ताडकन उठली. "काय बोललीस? ते काय बहिरं हायत?"

"मग काय आहेत?"

"मागाच्या आवाजानं कान बसल्यात त्यांचं. समद्या मागवाल्यांचं बसत्यात. तू तुझ्या बापाला त्या पोराच्या पंगतीला बसवतीस?" तिचे डोळे भरून आले होते. "कष्टानं बसल्यात ते कान. माझ्या नवऱ्याला कुणी बहिरं म्हणायचं न्हाई."

आई चुलीकडं वळली, आणि तेवढ्यात दारात सावली आली. पाळी अजून सुटलेली नव्हती, पण जॉबरनं आबांना सुट्टी देऊन पाठवलं होतं. ते पाठमोरे होऊन चपला काढत होते. आई थांबली. त्यांनी वळून बघेपर्यंत थांबली. मग तिनं उजव्या हाताची बोटं ओठांपाशी नेली, तळवा उताणा करून गालावरून खाली ओढला, आणि भुवया उडवल्या. आधी जेवता, का अंघोळ? आबांनी हातानंच सांगितलं, अंघोळ. तिनं मोरीकडं बोट केलं, दोन बोटं चिमटीत धरून हलवली. पाणी कोमट हाय, विसण घ्यायला नको.

एवढं झाल्यावर तिचं लक्ष मामांकडं गेलं. मामा तिच्या हाताकडं बघत होते. हात अजून हवेत होता, दोन बोटांची चिमूट तशीच. आईनं त्या हाताकडं असं बघितलं, जणू तो कुणीतरी दुसऱ्याचा तिच्या खांद्याला लावला होता. मग तिनं तो सावकाश पदराखाली घेतला.

आबांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडं बघितलं आणि हातानं विचारलं, काय झालं?

आई पदराखालचा हात बाहेर काढेना. ती तोंडानं म्हणाली, "काय न्हाई."

ते त्यांना ऐकू आलं नाही. ते हसले, मान हलवली आणि मोरीकडं गेले.